मोकळ्या श्वासाची नळी

चढाच्या पायथ्याशी असलेल्या त्या गॅरेजसमोर रविवारी सकाळी इतकी माणसे जमत की रस्त्याने जाणाऱ्याला अपघात झाल्याची शंका यावी. थांबून चौकशी केली की कळे, अपघात नव्हे, चमत्कार. घरोघरी असतात तशा दहा-बारा वर्षांच्या लहान मोटारी तिथे येत, तासाभरात तरण्याबांड होऊन समोरचा चढ गर्जत चढत, आणि बघणारे टाळ्या वाजवत.

चमत्कार करणाऱ्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. अंगात पांढरा डगला, खिशाला तीन पेने, गळ्यात खराखुरा स्टेथोस्कोप. तो बॉनेटवर टेकवून डॉक्टर डोळे मिटत, जिभेने 'च्च च्च' करत, आणि मग मालकाकडे असे पाहत की त्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवले असावे.

"किती वर्षं वापरताय ही गाडी, काका?"

"अकरा झाली."

"आणि अकरा वर्षं तिचं नाक दाबून ठेवलंत! स्वतःचं दाबून बघा बरं, किती वेळ जमतंय."

गर्दी हसे. दोन-तीन उत्साही मंडळी खरोखरच नाक दाबून बघत.

"कंपनीवाले नाक दाबूनच गाडी विकतात. का? दमलेली गाडी माणूस लवकर बदलतो. मी काय करतो? नाक सोडतो. बस्स. माझं काही नाही हो यात. हवा तुमचीच!"

नाक सोडायचे साधन म्हणजे एक लाल, चकचकीत, कोपरासारखी वाकवलेली नळी आणि तिच्या टोकाला जाळीचा शंकू. इंजिनात जाणारी हवा गाळण्यासाठी कारखान्याने बसवलेला काळा प्लॅस्टिकचा डबा काढून टाकायचा आणि त्या जागी ही 'मोकळ्या श्वासाची नळी' बसवायची. पाटीवर लिहिले होते: ताकद सव्वापट, इंधन कमी, आयुष्य दुप्पट. कोणाचे आयुष्य, ते लिहिलेले नव्हते.

मी तंत्रनिकेतनातून यंत्रशास्त्राची पदविका घेतली आणि पुढची चौतीस वर्षे हवा दाबणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या देखभालीत घालवली. हवा काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची मला थोडीफार कल्पना आहे. त्या रविवारी मी स्वतःहून गेलो नव्हतो. धाकट्या भावाने नेले होते.

त्याची गरज खरी होती. माझ्या भावजयीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा तिला चाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात डायलिसिसला न्यावे लागे. वाटेत घाट, जातानाही लांब चढ आणि येतानाही. रस्ता रुंद करण्याचे काम चालू असल्याने खडीचा धुरळा अखंड उडत असे. परतताना ती गळून गेलेली असे, चढाच्या वळणांवर तिला मळमळे, आणि अकरा वर्षांची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत राही. ती गाडी बंद पडली तर दुसरी सोय नव्हती. मला गाडी नाही. बस तीन ठिकाणी बदलावी लागे.

"दादा, परतीची दहा मिनिटं वाचली तरी पुष्कळ झालं," भाऊ म्हणाला.

"दहा मिनिटं नळीने वाचत नाहीत."

"तू आधी बघ तरी. तुझं नेहमीचंच आहे, ताटात वाढायच्या आधीच मीठ कमी."

डॉक्टरांनी त्याच्या गाडीचे बॉनेट उघडले, डब्याच्या चार क्लिपा काढल्या आणि जाहीर केले, "आता मंडळी, सगळे मागे या. सायलेन्सरपाशी वाका. उच्छ्वास ऐका. माणसाचा आजार श्वासात कळतो, गाडीचा उच्छ्वासात."

वीस-पंचवीस शहाणी माणसे गाडीच्या मागे जाऊन वाकली. भाऊ वाकला. आणि हे लिहिताना आजही ओशाळल्यासारखे होते, पण मीही वाकलो. पुढच्या बाजूला उघड्या बॉनेटचा आडोसा आणि त्यामागे डॉक्टर एकटे.

"घरघर ऐकू येतेय?" तिकडून आवाज आला.

"येतेय, येतेय!"

मग पहिली फेरी झाली. डॉक्टर स्वतः गाडी चालवत, मालक शेजारी बसे. चढ चढायला तेवीस सेकंद लागले. गाडी दमेकऱ्यासारखी चढली. पाऊण तासात नळी बसली, दुसरी फेरी सतरा सेकंदांत झाली आणि ती मोठ्याने गर्जत झाली. भाऊ उतरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"दादा, ऐकलास ना आवाज?"

"आवाज ऐकला. हवेचं तापमान काय होतं?"

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आजोबा, ताप माणसाला येतो. गाडीला फक्त भूक लागते." पुन्हा हशा. भावही हसला.

तेवीस आणि सतरा हे आकडे मात्र मला घरी स्वस्थ बसू देईनात. नळीने एवढा फरक पडणे शक्य नव्हते, आणि घड्याळ तर माझेच होते.

पुढल्या आठवड्यात मी तिन्ही दिवस त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो. नळीच्या तोंडाशी तापमापकाची तार बांधली. बाहेर तेहतीस अंश असताना त्या जाळीत अठ्ठावन्न अंशांची हवा जात होती. कारण उघडे तोंड तापलेल्या इंजिनाच्या कुशीत होते. कारखान्याचा 'नाक दाबणारा' डबा बंपरच्या बाजूची गार हवा घेई. गरम हवा विरळ असते. म्हणजे मोकळा श्वास घेणाऱ्या या गाडीला प्रत्येक घोटात पूर्वीपेक्षा सुमारे तेराव्या हिश्शाने हवा कमी मिळत होती. गर्जना तेवढी वाढली होती. डब्याच्या भिंती जो आवाज आत कोंडून ठेवत, तो आता उघड्यावर येत होता. आणि गर्जना म्हणजे ताकद, असे आपले कान आपल्याला सांगतात.

वेळेचा हिशोब मला विचारावाच लागला नाही. भावजयीपाशी एक वही होती. रुग्णालयात तिचे आधीचे आणि नंतरचे वजन लागे, म्हणून ती वजन लिही. त्याच ओळीत निघायची आणि पोहोचायची वेळही लिहून ठेवी. भाऊ औषधे आणायला गेला असताना तिने ती वही माझ्यापुढे धरली.

"नळीच्या आधी परतीला अठ्ठावन्न मिनिटं. नळीनंतर अठ्ठावन्न, साठ, एकोणसाठ," ती म्हणाली. "मला माहिती आहे, दादा."

"मग त्याला सांगितलं नाहीस?"

"चार तास मी मशीनवर असते. हे चार तास बाहेरच्या बाकावर बसतात. माझ्यासाठी यांना काही करता येत नाही. गाडीसाठी काहीतरी केलं, एवढंच समाधान आहे. चढावर आवाज वाढला की आरशातून माझ्याकडे बघतात. मीही मान हलवते, छान चाललीय म्हणून."

"अगं, पण—"

"नका सांगू, दादा. निदान एवढ्यात नको."

मी गप्प राहिलो. त्या दिवशी मला ते माणुसकीचे वाटले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी नळी सैल करून तिच्या आतून पांढरे फडके फिरवले. जाळीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे जिथे गाळलेली स्वच्छ हवा असायला हवी तिथे. फडके राखाडी झाले आणि बोटांना खरखर लागली. शंकू दिव्यासमोर धरला तर पलीकडचा उजेड टिपक्या-टिपक्यांनी दिसत होता. ज्या छिद्रातून उजेड येतो, त्यातून खडीचा धुरळाही येतो. तो तेलात मिसळला की इंजिनाच्या आत सँडपेपर फिरू लागतो. आता गप्प राहणे शक्य नव्हते.

भावाने फडके उलटसुलट करून पाहिले. "हा जुना मळ असेल. डॉक्टर म्हणालेच होते, महिनाभर मळ बाहेर पडेल."

"मळ आत चाललाय, बाहेर नव्हे. कंपनीचा डबा परत बसव. मी बसवून देतो."

"तेवीसचे सतरा सेकंद तूच मोजलेस ना? तुझ्याच घड्याळाने? मग आता कसलं फडकं दाखवतोस?"

त्याचा मुद्दा बिनतोड होता. ते सहा सेकंद कुठून आले, हे दाखवल्याशिवाय माझ्या फडक्याला काही किंमत नव्हती.

म्हणून पुढच्या रविवारी मी भावाला घेऊन पुन्हा गेलो. त्या दिवशी शाळेची मुले ने-आण करणारा एक व्हॅनवाला आपली घरची लहान गाडी घेऊन आला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, च्च च्च केले, क्लिपा काढल्या आणि सगळ्यांना मागे बोलावले.

"आजोबा, तुम्हीही या. उच्छ्वास ऐका."

"मला कानांनी कमी ऐकू येतं. मी बसतो जरा," असे म्हणून मी व्हॅनवाल्याच्या परवानगीने चालकाच्या जागी बसलो.

बॉनेट उघडले की त्याच्या मागच्या कडेशी, काचेजवळ, दोन बोटांची फट राहते. तेवढ्या फटीतून मला पांढरी बाही दिसली. बाहीतून एक गोल पांढरी चकती निघाली, डब्यात गाळणीच्या खाली सरकली, आणि चारही क्लिपा बसल्या. नंतर फेरीसाठी गाडीत बसताना डॉक्टरांनी एसी पूर्ण लावला. "मंडळी, पेशंटला त्रास नको," हे वर.

मी फेरी होऊ दिली. चोवीस सेकंद. गाडी खाली आली तेव्हा मी बॉनेटवर हात ठेवला.

"आता हा डबा माझ्यासमोर उघडा."

"आजोबा, ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवतात."

"गाडी यांची आहे. यांना विचारतो." मी व्हॅनवाल्याकडे वळलो. "उघडू का?"

"उघडा की. त्यात काय!"

मी चार क्लिपा काढल्या, गाळणी उचलली आणि चकती बाहेर काढून सर्वांना दाखवली. रंगाच्या बादलीचे झाकण गोल कापलेले, मध्ये अंगठ्याएवढे भोक. गाडीचे नाक खरोखरच दाबलेले होते; फक्त दाबणारा कारखाना नव्हता. मी डबा जसाच्या तसा बसवला, एसी बंद केला आणि व्हॅनवाल्याला म्हटले, "आता तुम्हीच चालवा. तोच गिअर." नळी अजून खोक्यातच होती. सतरा सेकंद.

"जे सहा-सात सेकंद हे नळीने मिळवून देतात, ते आधी यांनीच चकतीने आणि एसीने काढून घेतलेले असतात," मी सांगितले. "नळी बसवताना जुना डबा निघतो, त्याच्याबरोबर चकतीही निघते. तुम्हाला मागे का वाकवतात, ते आता कळलं असेल."

सगळे चकती बघायला पुढे सरकले. मला वाटले, झाले काम.

डॉक्टरांनी माझ्या हातातली चकती शांतपणे घेतली आणि उंच धरली. "शाबास, आजोबा! हेच मी आज दाखवणार होतो. ही चाचणीची चकती. पाच वर्षांनी तुमच्या गाळणीचं काय होणार आहे, ते ही आज दाखवते. मोठ्या दवाखान्यात नाही का, पळवून हृदय तपासत? मुद्दाम ताण देऊन? तसंच हे."

"बरोबर आहे," मागून कोणीतरी म्हणाले.

"मग आता चकतीशिवाय सतरा आले आहेत. नळी बसवा आणि सोळा करून दाखवा," मी म्हटले. "मी इथेच थांबतो, पुढे."

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात ठेवला. चेहरा दुखावल्यासारखा केला. "जिथे विश्वास नाही तिथे मी हात लावत नाही. आज काम बंद."

आणि गर्दी माझ्यावर उलटली. "काय हो आजोबा, लांबून आलो होतो आम्ही." "स्वतःची गाडी नाही आणि लोकांच्या गाड्यांची उठाठेव!" मी व्हॅनवाल्याकडे पाहिले. त्याने तर स्वतः चालवून सतरा सेकंद पाहिले होते.

"ते सगळं खरं आहे, आजोबा," तो संकोचाने म्हणाला, "पण आवाज नाही आला ना." आणि डॉक्टरांकडे वळून विचारले, "मग माझी नळी पुढच्या रविवारी बसवाल का?"

परतताना भाऊ माझ्या दारात गाडी थांबवून म्हणाला, "चारचौघांत मला मूर्ख ठरवलंस."

"तुला नव्हे, त्याला."

"नळी माझ्या गाडीत आहे, दादा." त्याने सरळ समोर पाहिले. "आजपासून माझ्या गाडीचं बॉनेट उघडू नकोस."

मी दुकानातून तसाच नवा डबा आणला आणि त्याच्या घरी नेऊन ठेवला. तो खोक्यासकट पलंगाखाली गेला. दीड महिन्याने गाडीतून निळसर धूर येऊ लागला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मी भावजयीकरवी निरोप धाडला की रोज तेल तपासा. भाऊ डॉक्टरांना विचारून आला. डॉक्टर म्हणाले होते, जुना मळ जळतोय, चांगलं लक्षण आहे, मध्येच छेडछाड करू नका.

नळी बसवल्याला चार महिने झाले होते. दुपारी, रुग्णालयात जाताना, चढाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनातून हातोडी मारल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. तेल संपले होते. धुरळ्यात दीड तास उभे राहिल्यावर खडीच्या एका ट्रकने त्यांना घेतले. तोवर भावजयीची मशीनची वेळ गेली होती. रात्रपाळीतल्या कोणी दया केली आणि तिला दोन तास मिळाले. लागतात चार.

इंजिन त्याने मला उघडू दिले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला अडकतील अशा उभ्या रेघा होत्या. मी त्याचा हात धरून बोट आत फिरवले. "ही खडी आहे. जाळीतून आलेली."

त्याने बोट पुसले. मग ती लाल नळी हातात घेतली. मला वाटले, आता तरी.

"नळी लहान पडली, दादा," तो म्हणाला. "डॉक्टर मोठी बसवा म्हणाले होते. मीच ऐकलं नाही."

ते इंजिन दुरुस्त होण्यापलीकडे गेले होते आणि दुसरी गाडी येण्यासारखी स्थिती नव्हती. आठवड्यातून एक खेप शेजाऱ्याच्या गाडीने होते. दुसरी तीन ठिकाणी बस बदलून. त्या दिवशी भावजय घरी पोहोचते ती भिंतीला धरून. तिसरी होत नाही. वही तिने चालू ठेवली आहे. वजनाच्या रकान्यातला आकडा दर आठवड्याला थोडा वर सरकतो. ते अंगात साठणारे पाणी आहे.

परवा ती मला म्हणाली, "दादा, दोनदा पुरतं का, हे मोजता येतं का?"

"येतं. रक्तावरून कळतं."

"मग?"

भाऊ दारातच उभा होता. मी म्हणालो, "पुरत नाही."

तिने वही मिटली. भाऊ आत निघून गेला.

ही गोष्ट वाचून कोणी नळी काढील, अशी माझी अपेक्षा नाही. शर्यतीच्या गाडीत नीट बांधलेली, बाहेरची गार हवा घेणारी आणि धूळ खरोखर अडवणारी नळी थोडेफार काही देतही असेल. तो मोजून पाहण्याचा प्रश्न आहे, डोळे मिटण्याचा नव्हे. तुमच्या गाडीला, शरीराला किंवा घराला कोणी एका फटक्यात तरुण करून देऊ लागला, तर आधीचा आकडा स्वतः घ्या, नंतरचाही स्वतः घ्या, आणि मधल्या वेळात त्याचे हात कुठे आहेत ते पाहा. एवढ्यासाठी पदविका लागत नाही. पण तेवढ्यानेही भागत नाही, हे मी उशिरा शिकलो. भावजयीने पहिल्या आठवड्यातच मोजले होते आणि ती प्रेमापोटी गप्प राहिली. मी मोजले आणि तिच्या शब्दाखातर तीन आठवडे गप्प राहिलो; त्या तीन आठवड्यांत गाडी नऊ वेळा त्या धुरळ्यातून गेली. म्हणून विनंती आहे: मोजा, आणि मोजलेले त्याच दिवशी सांगा. समोरचा माणूस आपला असेल आणि दुखावणार असेल, तर आधी त्यालाच सांगा.